ओक्पोचे डास आणि अभिकल्पाचे वर्ग

ब्रह्मदेशात, त्या वेळच्या रंगून शहराजवळ, ओक्पो नावाचे एक लहानसे खेडे आहे. हत्तीरोगाचे कृमी एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात पोचवणाऱ्या क्युलेक्स जातीच्या डासांनी गांजलेल्या या खेड्यात १९६७ साली जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ हानेस लाव्हेन यांनी जो प्रयोग केला, तो आज अर्धशतकानंतर वाचतानाही मन थक्क होते. डासांच्या नाशासाठी त्यांनी फवारणी केली नाही की डबकी बुजवली नाहीत. त्याच जातीचे हजारो डास आणून ते त्यांनी त्या खेड्यात दिवसामागून दिवस सोडले. सोडलेले सगळे डास नर होते, आणि नर डास माणसाला चावत नसल्यामुळे गावकऱ्यांच्या उपद्रवात भर पडण्याचे कारण नव्हते. या नरांची पैदास मोठ्या योजनेने केलेली होती : त्यांच्या पेशींतील केंद्रक कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथील डासांच्या वंशाचे, तर केंद्रकाभोवतीचे पेशीद्रव्य पॅरिसमधील डासांच्या वंशाचे होते. ओक्पोतील माद्यांचा या नरांशी संयोग झाला, माद्यांनी नित्याप्रमाणे पाण्यावर अंडी घातली, पण त्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडल्या नाहीत. आणि थोड्याच आठवड्यांत त्या खेड्यातील क्युलेक्स डासांचा वंश खुंटला.

अंडी वांझ का झाली, याचे लाव्हेन यांनी दिलेले उत्तर असे होते, की या दोन वंशांच्या पेशीद्रव्यांत वितुष्ट आहे. युरोपातील निरनिराळ्या गावांचे डास परस्परांशी जुळवून त्यांनी वर्षानुवर्षे कोष्टके भरली होती, आणि हा दोष आईकडून येणाऱ्या पेशीद्रव्यातून उतरतो हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले होते. पेशीद्रव्यातील कोणता पदार्थ हे घडवतो, हे मात्र त्यांच्या कोष्टकांतून कळण्यासारखे नव्हते. खरे पाहता त्याचा दाखला तेव्हा त्रेचाळीस वर्षे ग्रंथालयांत पडून होता. १९२४ साली हार्वर्ड विद्यापीठातील मार्शल हर्टिग आणि रोगनिदानशास्त्रज्ञ बर्ट वोल्बाक हे दोघे निरनिराळ्या कीटकांच्या शरीरांत रिकेट्सियासदृश सूक्ष्मजीव शोधीत असता त्यांना याच क्युलेक्स डासाच्या अंडाशयात पेशींच्या आत नांदणारे जीवाणू आढळले होते, आणि १९३६ साली हर्टिग यांनी आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून त्यांना वोल्बाकिया हे नाव दिले होते. डास एकच, अवयव एकच. पण जीवाणूंची नोंद एका दप्तरात आणि वांझ अंड्यांची नोंद दुसऱ्या दप्तरात राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॅनिस येन आणि राल्फ बार या दोघांनी १९७१ साली ही दोन दप्तरे शेजारी ठेवून असे सुचवले, की अंडी वांझ करणारा कर्ता हा जीवाणूच असावा. आणि टेट्रासायक्लिनने जीवाणू नाहीसे केल्यावर डासांचे आपापसांतील वितुष्टही मिटते, हे पुढे दिसून आले.

कल्पना सुचणे म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ नमुना विज्ञानाच्या इतिहासातही क्वचित सापडतो, आणि म्हणूनच अभिकल्पाच्या, म्हणजे ज्याला आपण सर्रास डिझाइन म्हणतो त्या विद्येच्या, विद्यार्थ्यांविषयी लिहिताना मला या डासापासून आरंभ करावासा वाटला. अभिकल्पाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत पहिला धडा बहुधा प्रश्नापासून सुरू होतो. विद्यार्थ्याच्या हाती एक लेखी कैफियत दिली जाते, वर्गात तिला ‘ब्रीफ’ म्हणतात; तीत कोणासाठी, काय, किती खर्चात करावयाचे हे नमूद असते, आणि मग मुदतीच्या आत जितक्या कल्पना सुचतील तितक्या भिंतीवर चिकटवावयाच्या असतात. माझे म्हणणे असे आहे, की या क्रमाच्या आधी आणखी एक पायरी असावी. विद्यार्थ्याला प्रश्न देण्यापूर्वी एखादा जीव द्यावा, आणि त्याच्या सहवासात, कोणत्याही उपयोगाची घाई न करता, पुरेसा काळ राहू द्यावे. वोल्बाकियाची कहाणी मी विस्ताराने सांगतो ती या म्हणण्याचा पुरावा म्हणून. आणि ती कहाणी स्वतःच इतकी समृद्ध आहे, की पुरावा म्हणून ती कोणाला अपुरी वाटली तरी वाचकाचा वेळ फुकट जाणार नाही, अशी माझी खात्री आहे.

वोल्बाकिया हा जीवाणू पेशीच्या बाहेर फार काळ तग धरू शकत नाही. त्याचे वास्तव्य पेशीद्रव्यात, आणि पेशीद्रव्याचा वारसा प्रजेला मिळतो तो केवळ आईकडून. कारण शुक्राणू परिपक्व होताना आपले बहुतेक सर्व पेशीद्रव्य टाकून देतो, तर अंडे ते भरभरून बरोबर नेते. नराच्या शरीरात सापडलेल्या जीवाणूला म्हणून पुढच्या पिढीत जाण्यास वाट नाही. या एका अडचणीतून जे जे निष्पन्न होऊ शकते ते ते सारे निसर्गाने करून पाहिले आहे : कोठे नर अंड्यातच मारले जातात, कोठे नरांची आवश्यकताच उरत नाही, कोठे जनुकांनी नर असलेला जीव मादी म्हणून वाढतो, आणि कोठे, जसे ओक्पोत, जीवाणू बाळगणारा नर जीवाणू नसलेल्या किंवा न जुळणाऱ्या वाणाचा जीवाणू बाळगणाऱ्या मादीची प्रजा नष्ट करतो.

हा शेवटचा प्रकार सर्वांत प्रचलित आणि समजण्यास सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबू. बाधित नराचे शुक्राणू तयार होत असतानाच जीवाणू त्यांत काही फेरफार करून ठेवतो. असा शुक्राणू जीवाणूरहित अंड्यात शिरला, की गर्भाच्या अगदी पहिल्या विभाजनाच्या वेळी पित्याकडून आलेली गुणसूत्रे आईच्या गुणसूत्रांच्या मागे पडतात, त्यांची नीट वाटणी होत नाही, आणि गर्भ तेथेच संपतो. मात्र अंड्यातही तोच जीवाणू असेल, तर तो हा फेरफार निष्प्रभ करतो आणि गर्भ सुखरूप वाढतो. परिणामाचा हिशेब आता वाचकानेच करून पाहावा. बाधित मादीचा संयोग कोणत्याही नराशी झाला तरी तिची प्रजा जगते. अबाधित मादीला बाधित नर मिळाला तर तिची अंडी वाया जातात. म्हणजे जीवाणूने मादीला प्रत्यक्ष काही दिले नाही, तरी तिच्या प्रतिस्पर्धी माद्यांचे नुकसान करून तिचा वंश वाढवला, आणि त्या वंशाबरोबर स्वतःचाही. समुदायात बाधितांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की ते आपोआप वाढतच जाते. कॅलिफोर्नियातील ड्रोसोफिला सिम्युलन्स या फळमाशीत १९८० च्या दशकात आरी हॉफमन, मायकेल टुरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रसार डोळ्यांदेखत नोंदला. राज्याच्या दक्षिण भागातून उत्तरेकडे हा जीवाणू वर्षाला सुमारे शंभर किलोमीटर या वेगाने सरकत होता. शुक्राणूत फेरफार करणारी आणि त्याचा प्रतिकार करणारी जनुके कोणती, याचा उलगडा २०१७ साली अमेरिकेतील येल आणि व्हँडरबिल्ट या विद्यापीठांतील दोन गटांनी केला, आणि त्यात आणखी एक आश्चर्य निघाले : ती जनुके मुळात जीवाणूच्या जनुकसंचात मुक्काम ठोकलेल्या एका विषाणूच्या मुलुखातील आहेत. डासाच्या पेशीत जीवाणू, जीवाणूत विषाणू, आणि त्या विषाणूच्या पदरी असलेल्या दोन जनुकांवर डासाच्या वंशाचे भवितव्य!

नर मारण्याच्या प्रकाराचे उदाहरण आपल्या बागांतूनही उडताना दिसते. मोठा चांदवा हे फुलपाखरू महाराष्ट्रात सर्वत्र आहे. काळ्याभोर पंखांवर निळसर जांभळ्या कडेचे शुभ्र ठिपके मिरवणारा त्याचा नर पावसाळ्यात आणि त्यानंतर सहज ओळखता येतो. या जातीचा विस्तार थेट पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत आहे, आणि तेथे केवळ माद्याच निपजणाऱ्या वंशावळींच्या नोंदी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून होत आल्या आहेत. सामोआच्या बेटांवर २००१ साली पाहणी झाली तेव्हा शंभरात जेमतेम एक नर उरला होता, कारण वोल्बाकिया नर गर्भ अंड्यातच मारीत होता. २००६ साली, म्हणजे या फुलपाखराच्या सुमारे दहा पिढ्यांनंतर, त्याच बेटांवर नरांचे प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास गेलेले आढळले. जीवाणू गेला नव्हता. फुलपाखरांच्या समुदायात त्याची मात्रा चालू न देणारे एक जनुक पसरले होते. उत्क्रांतीला लक्षावधी वर्षे लागतात ही आपल्या मनात घट्ट बसलेली समजूत किती सैल करावी लागते, हे सिल्व्हँ शार्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या या निरीक्षणावरून समजते.

ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ट्रायकोकार्ड ठाऊक असते. तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीला वाढवून ती अंडी चिकटवलेले कार्ड उसाच्या पानाला टाचतात. त्यातून बाहेर पडलेल्या माश्या खोडकिडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात आणि कीड जन्मण्यापूर्वीच संपते. या माश्यांच्या कुळात फलन न झालेल्या अंड्यातून नर आणि फलन झालेल्या अंड्यातून मादी जन्मते, हा नियम. परंतु ट्रायकोग्रामाच्या काही जातींतील काही वंशांत नर जवळजवळ नाहीतच, आणि माद्याच माद्यांना जन्म देत राहतात. १९९० साली रिचर्ड स्टाउटहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माद्यांना प्रतिजैविक खाऊ घातले, आणि त्यांच्या पोटी पुन्हा नर जन्मू लागले. फलनाविना अंड्यातील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून तेथे मादी घडवणारा वोल्बाकियाच होता. पिढ्यान्‌पिढ्या जिला आपण त्या कीटकाची प्रकृती समजत होतो, ती एका पाहुण्याची मर्जी निघाली.

आणि ज्या रोगासाठी ओक्पोचा सारा उद्योग झाला, त्या हत्तीरोगाच्या कृमीच्या शरीरातही वोल्बाकिया आहे! डासाला त्याच्यावाचून जगता येते. कृमीला येत नाही. डॉक्सिसायक्लिन हे साधे औषध काही आठवडे दिले असता कृमीतील जीवाणू मरतात, त्यामागून मादी कृमी वांझ होतात, आणि प्रौढ कृमीही हळूहळू मरतात, हे या शतकाच्या आरंभीपासून आफ्रिकेत झालेल्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. विदर्भात वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या टापूत हत्तीपायाने जड झालेले पाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शोधाचे मोल सांगावे लागणार नाही. एकच जीवाणू एका यजमानाच्या घरात लुबाडणारा आणि दुसऱ्याच्या घरात जीवनावश्यक. आणि त्या दोन यजमानांपैकी एक दुसऱ्याच्या पोटात. अशा वस्तूकडे ज्याने पुरेसे पाहिले त्याच्या मनात ‘परजीवी’ आणि ‘सहजीवी’ ही खाती पूर्वीसारखी वेगळी राहत नाहीत.

आता अभिकल्पाच्या वर्गाकडे वळू. कल्पना कशा सुचतात याविषयी या क्षेत्रात बराच विचार झाला आहे, आणि त्यातील काही भाग खरोखर मोलाचा आहे. अमेरिकन जाहिरात व्यवसायातील अॅलेक्स ऑस्बर्न यांनी १९५३ साली ग्रंथरूपाने मांडलेली ब्रेनस्टॉर्मिंगची रीत, म्हणजे अनेकांनी एकत्र बसून टीका तहकूब ठेवून कल्पनांचा पाऊस पाडावा ही रीत, आजही वर्गावर्गांत चालते. परंतु येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात असे दिसले, की तितकीच माणसे वेगवेगळी बसून विचार करतील तर त्यांच्या कल्पनांची बेरीज एकत्र बसलेल्यांपेक्षा अधिक भरते, आणि पुढील संशोधनानेही तोच निष्कर्ष उचलून धरला. याहून विचार करायला लावणारा प्रयोग डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांचा. अभियांत्रिकी अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी न सांडणारा कॉफीचा पेला योजावयास सांगितले, आणि काहींना नमुन्यादाखल एक चित्र दाखवले, ज्यात पेल्याला नळी होती. नळीचा उपयोग करू नये असे स्पष्ट बजावलेले असूनही नमुना पाहिलेल्यांनी आपापल्या पेल्यांत नळ्या घातल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने मनाच्या या खिळून राहण्याला शास्त्रीय नाव मिळवून दिले. पाहिलेली वस्तू मनातून पुसता येत नाही. आणि विद्यार्थ्याने पाहिलेल्या वस्तू बाजारातल्याच असतील, तर त्याच्या कल्पनाही बाजारातल्याच निघतील, हे ओघानेच आले.

मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिकल्प केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथील प्राध्यापक उदय अथवणकर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी एका औद्योगिक अभिकल्पकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कागद-पेन्सिल काढून घेतली, आणि नुसत्या मनःचक्षूंपुढे वस्तू योजावयास सांगितले. योजता योजता त्याने मोठ्याने बोलत जावे इतकीच अट. रेखाटनावाचून योजना अशक्य, हा या विद्येचा जुना सिद्धांत. पण त्या अभिकल्पकाने मनातल्या मनात वस्तू उभी केली, तिच्यात फेरबदलही केले. या प्रयोगाचा इतरांनी काय अर्थ लावला असेल तो असो. मला त्यातून दिसते ते हे, की डोळे मिटल्यावर जे उपयोगी पडते ते डोळे उघडे असताना साठवलेले असते, आणि म्हणून विद्यार्थ्याने काय साठवावे याची तजवीज करणे हे गुरूचे पहिले काम होय.

येथे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावाही मांडला पाहिजे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत निसर्गातून स्फूर्ती घेऊन अभिकल्प करण्याचा अभ्यासक्रम चालतो, आणि मायकेल हेल्म्स, स्वरूप वत्तम व अशोक गोएल यांनी तेथील विद्यार्थ्यांचे बारकाईने निरीक्षण करून २००९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. शिक्षक आधी प्रश्न, मग त्याला साजेसा जीव, असा क्रम शिकवीत होते; पुष्कळ विद्यार्थी मात्र एखाद्या जीवाच्या करामतीने भारून जाऊन आधी तिचा स्वीकार करीत आणि मग तिच्यासाठी प्रश्न शोधीत. अशा गटांना हमखास जडणारा दोष असा, की पहिल्यांदा आवडलेल्या त्या एका करामतीपासून ते पुढे हलत नाहीत. नळीच्या जागी जीव आला, खिळणे तेच. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. परंतु त्याचे कारण मला वेगळे दिसते. त्या विद्यार्थ्यांना जीवाची एकच करामत ठाऊक असते, कारण ते त्याला एखाद्या लेखात किंवा चित्रफितीत भेटलेले असतात. ज्याने मोठ्या चांदव्याचे मरणारे नर, ट्रायकोग्रामाच्या नरहीन पिढ्या, ओक्पोची वांझ अंडी आणि हत्तीरोगाचा कृमी हे सारे एका जीवाणूच्या संदर्भात पाहिले, तो कोणत्याही एका करामतीवर कसा खिळून राहील?

याची साक्ष डेंगीच्या विरुद्ध झालेल्या प्रयत्नांत मिळते. ऑस्ट्रेलियातील स्कॉट ओनील यांनी या जीवाणूच्या अभ्यासाला वाहून घेतले तेव्हा डेंगीवरचा उपाय म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. १९९७ साली क्युंग-ताइ मिन आणि सिमोर बेन्झर यांना फळमाशीत वोल्बाकियाचा असा एक वाण सापडला, की जो यजमानाच्या पेशींत बेसुमार वाढून त्याचे आयुष्य निम्म्यावर आणतो. ओनील यांची कल्पना अशी : डेंगीचा विषाणू डासाच्या शरीरात शिरल्यापासून त्याच्या लाळेत उतरेपर्यंत बरेच दिवस जातात, म्हणून रोग पसरवतात ते केवळ म्हातारे डास, डासांना म्हातारे होऊच दिले नाही तर काम झाले. ज्या एडिस इजिप्ती डासात निसर्गतः हा जीवाणू नसतो, त्याच्या अंड्यांत सूक्ष्म सुईने जीवाणू टोचण्याचे अत्यंत चिकाटीचे काम त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षे चालले, आणि २००९ साली अल्पायुषी डासांचा वंश तयार झाल्याचे त्यांनी जाहीर केले. परंतु आदल्याच वर्षी लुईश टेशेइरा यांच्या आणि ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या एका गटाच्या फळमाश्यांवरील कामातून निराळेच काही पुढे आले होते : वोल्बाकिया बाळगणाऱ्या माश्या विषाणूंना दाद देत नव्हत्या. ओनील यांच्या गटाने आपले डास पुन्हा तपासले, आणि त्यांत डेंगीचा विषाणू नीट वाढतच नसल्याचे आढळले. डासाला अकाली मारण्याची गरजच उरली नाही. ज्या गुणासाठी इतकी वर्षे वेचली तो गुण आता अडचणीचा होता, कारण अल्पायुषी वंश मोकळ्या हवेत टिकाव धरीना; तेव्हा तो बाजूला ठेवून त्यांनी सौम्य वाण घेतला, आणि २०११ साली केर्न्स शहरानजीकच्या दोन वस्त्यांत सोडलेले ते डास तेथील डासांत मिसळून कायमचे रुजले. आपल्या लाडक्या कल्पनेचा असा त्याग करता येणे ही कोणत्याही अभिकल्पकाची खरी कसोटी. आणि तो त्याग त्यांना करता आला, कारण त्यांची निष्ठा त्या कल्पनेपेक्षा त्या जीवाशी अधिक जुनी होती.

डास सोडून डास आवरण्याच्या या विद्येचा एक अध्याय आपल्या देशातही लिहिला गेला, आणि तो अर्धवट फाटला. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या करारान्वये, अमेरिकन सरकारी द्रव्यसाहाय्याने, १९६९ साली दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे संशोधन केंद्र उघडण्यात आले. लाव्हेन यांच्या रीतीने घडवलेले क्युलेक्स नर दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सोडून पाहणे हा त्याच्या कार्याचा भाग होता. आणि एडिस डासांचे वंध्य नर हरियाणातील सोनीपत येथे मोठ्या प्रमाणावर सोडण्याची तयारीही झाली होती. १९७४ साली वृत्तपत्रांतून असा आरोप प्रसिद्ध झाला, की हे सारे संशोधन परकीय शक्तींच्या जैविक युद्धाच्या सिद्धतेसाठी आहे. भारतात पीतज्वर नाही, मग त्याच्या वाहक डासाचा इतका पाठपुरावा कशासाठी? प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपुढे गेले. समितीने १९७५ साली आपल्या अहवालात कठोर ताशेरे ओढले, नरांना वंध्य करण्यासाठी वापरलेल्या थायोटेपा या रसायनाच्या सुरक्षिततेविषयीही शंका घेतली. सोनीपतचा बेत रद्द झाला आणि त्याच वर्षी केंद्राला कुलूप लागले. युद्धाच्या आरोपाला प्रमाण मिळाले असे मला वाटत नाही. परंतु ज्या गावात डास सोडायचे त्या गावाला तो कोणता डास, कोणी, कशासाठी सोडला हे समजेल अशा भाषेत सांगण्याची आणि त्याची मंजुरी घेण्याची व्यवस्था आरंभीच झाली असती, तर संशयाला इतकी सुपीक जमीन मिळाली नसती. त्या केंद्रात कीटकशास्त्रज्ञ होते, आनुवंशशास्त्रज्ञ होते. लोकांच्या अंगणात काय घडेल याचा विचार करणे हेच ज्याचे काम, असा मनुष्य त्यात असावा असे कोणाच्या मनात आले नाही.

इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात हा विचार झाला. गाजा मादा विद्यापीठातील आदी उतारिनी यांच्या नेतृत्वाखाली तेथे शहराचे चोवीस विभाग पाडून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या बारा विभागांत वोल्बाकियायुक्त एडिस डास सोडण्यात आले. ते सोडले गेले अंड्यांच्या रूपात : पाणी, थोडे खाद्य आणि अंड्यांची पट्टी घातलेल्या झाकणाच्या बादल्या लोकांच्या घरांच्या आवारात ठेवण्यात आल्या, आणि दर दोन आठवड्यांनी त्या बदलण्यात आल्या. बादली ठेवायची तर घरमालकाची अनुमती हवी, अनुमती हवी तर दारी जाऊन बोलले पाहिजे. म्हणजे रोज दिसणाऱ्या एका साध्या वस्तूने त्या सगळ्या व्यवहाराला संभाषणाचे रूप दिले. निष्पत्ती २०२१ साली प्रसिद्ध झाली : डास सोडलेल्या विभागांत डेंगीचे प्रमाण शेकडा ७७ ने आणि त्यापायी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८६ ने घटले. मादीही सोडल्यामुळे जीवाणू तेथील डासांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो. केवळ नर सोडून डासांची संख्या घटवण्याचा, म्हणजे ओक्पोचाच, मार्ग सिंगापूरने पत्करला आहे, पण त्यात नर सोडत राहण्याचे काम कधी थांबत नाही.

पुदुच्चेरी येथील आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रोगवाहक कीटक संशोधन केंद्राने ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वंशाचा तेथील एडिस डासांशी संकर करून वोल्बाकियायुक्त डासांच्या दोन वसाहती सिद्ध केल्याचे २०२२ साली जाहीर केले. त्या मोकळ्या सोडण्यासाठी शासनाच्या निरनिराळ्या खात्यांची परवानगी लागेल, हेही तेव्हाच सांगण्यात आले. ती परवानगी मिळून उद्या मुंबईत अशी बादली ठेवावयाची झाली, तर काय होईल? पिंपात पाणी साठवू नका, कुंडीखालच्या बशीत पाणी राहू देऊ नका, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे याच शहराला वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे. महापालिकेचा माणूस घरात येऊन अळ्या शोधतो आणि सापडल्यास नोटीस बजावतो. त्याच घरात त्याच महापालिकेने डासांच्या अंड्यांची बादली घेऊन जावे आणि ती सांभाळा म्हणावे, हे गृहिणीला कसे पटावे? चाळीच्या गॅलरीत, जेथे पाण्याची वेळ सांभाळून भरलेली पिंपे आधीच ओळीने उभी असतात, तेथे ही बादली वेगळी कशी ओळखू यावी? लहान मूल तिचे झाकण उघडील काय, भाडेकरूची अनुमती पुरेल की मालकाचीही लागेल, आणि पहिले काही आठवडे डास वाढलेलेच दिसतील तेव्हा तक्रार कोणाकडे नोंदवावी? बादलीचा रंग, तिच्यावरील मजकूर, ती घेऊन येणाऱ्याचा पोशाख आणि त्याचे पहिले वाक्य, हे सर्व योजावे लागेल. वोल्बाकियाशी वर्षभर परिचय झालेल्या विद्यार्थ्याला ते योजता येईल, कारण आत काय वाढते आहे आणि ते का वाढू द्यायचे, हे तो दारात उभा राहून आपल्या शब्दांत सांगू शकेल. पुदुच्चेरीतील वसाहती तयार आहेत. त्या बाहेर पडण्याच्या दिवसापूर्वी हे काम पुरे व्हायचे असेल, तर पवई, पुणे आणि अहमदाबाद येथील वर्गांनी ते याच शैक्षणिक वर्षात हाती घ्यावे.